कवठीचा डिंक आणि प्लेटमधलं कडं

माझं काम जंतू वाढवण्याचं आहे. लग्नाकार्यात पंगतीला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी हे सरळ सांगितलं, की शेजारच्या बाई आपलं ताट थोडं पलीकडं सरकवून घेतात. त्यामुळं "कॉलेजात असते" एवढंच म्हणून मी पुढच्या घासाला लागते. मिस्टर म्हणतात, हिच्याकडून काही काढून घ्यायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो. या अंकाच्या संपादकांनाही मी दरवर्षी "बघते" म्हणूनच वाटेला लावत आले. यंदा लिहायला बसले, कारण लिहिलं नाही तर ज्या एका गोष्टीबद्दल लिहायचं ती माझ्यासोबतच रिटायर होईल, आणि तसं व्हायला नको.

कॉलेज शिरूरच्या बाहेर, औषधनिर्माणशास्त्राचं. गावाच्या भाषेत 'फार्मसीचं'. तिथल्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत मी असते. काम समजून घ्यायला अवघड नाही. घरी दही लावतो ना, तसंच. ऊब द्यायची, विरजण घालायचं, झाकून ठेवायचं आणि सकाळी बघायचं. फरक इतकाच, की दही लागलं नाही तर घरात बोलणी बसतात आणि आमच्याकडं लागलं नाही तर कधीकधी पेढे वाटतात. काचेची उथळ, झाकणाची बशी असते, तिला आम्ही प्लेट म्हणतो. तिच्यात समुद्रातल्या शेवाळापासून केलेली खळ ओतायची. ती थिजली की जेलीसारखी होते. तिच्यावर पुवातले जंतू कापसाच्या बोळ्यानं सारवायचे, मध्ये बारीक भोक पाडायचं आणि ज्याची परीक्षा घ्यायची ते औषध त्या भोकात भरायचं. शेजारच्या भोकात नुसतं पाणी, म्हणजे तुलना करता येते. मग रात्रभर अंगाइतक्या उबेला ठेवून द्यायचं. सकाळी प्लेटवर जंतूंची दुधाळ साय आलेली असते. औषधात दम असेल तर त्याच्या भोकाभोवती जंतू फिरकत नाहीत, आणि तेवढंच गोल, काचेसारखं स्वच्छ कडं राहतं. झोन म्हणतात त्याला. इतकी वर्षं झाली, तरी कडं दिसलं की मला अजून आनंद होतो.

कॉलेजात 'तपासतात' म्हटल्यावर आजूबाजूच्या गावांना वाटतं, इथं काहीही तपासून मिळतं. न्हावऱ्याचा एक पैलवान प्रोटीनचा डबा घेऊन आला होता. "मॅडम, ह्यात पीठ किती हाय तेवढं सांगा फक्त, दुकानदाराला मी बघतो." एका आजींनी तांब्याभर पाणी आणलं आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ह्यात माझी सून काय मिसळती का बघ." मी तपासलं. साधं बोअरचं पाणी होतं, जरा जड. आजींचा विश्वास बसला नाही. "तू बी कुनाची तरी सूनच की," म्हणाल्या आणि तांब्या घेऊन गेल्या.

आबा असेच एके दिवशी आले. मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या अंगाला त्यांची वस्ती. उंच, वाळकुडे, डोक्याला गुंडाळलेलं मुंडासं, आणि उपरण्याच्या टोकाला बांधलेला लालसर खडा. गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला.

"डिंक हाय. कवठीचा."

"काय तपासायचं याच्यात?"

"औषध हाय का न्हाई ते."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपेग? मला तर हाय असंच वाटतंय. तुमच्या मशिनीला इचारा."

त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं. वडिलांच्या काळी घरात मेंढरं होती, आबांनीही लहानपणी राखली होती. वाटेत मेंढराला चिरा पडला, काटा मोडला, की कवठीचा डिंक पाण्यात भिजवून जखमेवर चोपडायचा. माशी बसायची नाही आणि मेंढरू कळपाबरोबर चालायला लागायचं. पुढं मेंढरं विकली, विहीर पाडली, ऊस आला, लिंबाची बाग आली. पण बांधावरची कवठी तशीच राहिली, आणि घरात कुणाला कापलं-खरचटलं की डिंकाची वाटी निघायचीच. सून नावं ठेवायची. तिला दाखवून द्यायचं म्हणून आबा एसटीनं आमच्यापर्यंत आले होते.

आमच्या विभागाच्या सरांना डिंकांचं आधीपासून वेड. कवठीचा डिंक औषधाच्या गोळ्या बांधायला चालतो हे त्यांना ठाऊक होतं, जंतूंवर चालतो का हे बघायचं होतं. पण आबांचा खडा फारच लहान. तो पुडीत घालून मी माझ्या खणात ठेवला आणि सांगितलं, थंडी पडली, डिंक सुटला, की आम्हीच येतो, आधी फोन करून येतो.

फोन केला आणि वर्गातल्या एका मुलाला सोबत घेऊन गेले. उसातून जाणारी गाडीवाट, दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस. सून मंगल वाटेपर्यंत सामोरी आली होती. "म्हटलं बघावं, बिबट्यानं तुमाला आधी गाठलं का आमी," म्हणाली. ही मंगल म्हणजे घरातलं वारंच. पस्तिशीची असेल. सासऱ्यांना मामा म्हणायची, आणि सगळ्यांदेखत त्यांना बोलायलाही कमी करायची नाही. आबांनी चहाच्या कपाला हात घातला तर लगेच, "मामा, तो गुळाचा हाय. तुमचा बिनसाखरेचा मागून येतोय." आबा माझ्याकडं बघून हसले. "शुगर निघाली तवापासनं ही माझी डाक्तर झाली."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढच्यासाठी सांगून ठेवते.

कवठी बांधावर, लिंबाच्या बागेला लागून. मोठं झाड होतं. बुंध्याला कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरट-निळसर लेप दिलेला होता. मी बघितला, मनात 'चुना' म्हटलं आणि चाकू काढला. साल फुटली होती तिथं डिंकाचे ओघळ थिजले होते, काही लेपावरच. ते खरवडून घेतले. सालीचे, लेपाचे कपचे येत होते ते हातानं झटकले.

आमच्या कामाचा एक साधा नियम आहे. झाडापासून काहीही घेताना मालकाला विचारायचं, यावर काय मारलंय का, काय लावलंय का. तोंडी परीक्षेत हा प्रश्न मी मुलांना घालते, आणि उत्तर आलं नाही तर गुण कापते. त्या दिवशी आबा मेंढरांबद्दल बोलत होते, कोकणात उतरतानाच्या वाटांबद्दल, आणि ते ऐकायला इतकं छान वाटत होतं, की तो प्रश्न माझ्याकडून राहून गेला. मी स्वतः दौंड तालुक्यातली, कासुर्डीची. माहेरी डाळिंब आहे. चुना कसा दिसतो आणि मोरचुदाचा लेप कसा दिसतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

प्रयोगशाळेत डिंक निवडला, पाण्यात भिजवला, मलमलीतून गाळला. गाळलेलं पाणी स्पिरिटमध्ये ओतलं की शुद्ध डिंक नासलेल्या दुधासारख्या पांढुरक्या गुठळ्या होऊन खाली बसतो. आमच्या डिंकाला किंचित हिरवट झाक होती. सालीचा रंग असेल, म्हटलं. प्लेट लावल्या.

सकाळी कडं होतं. चांगलं, ठसठशीत. सरांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन प्लेट उजेडात धरली, बराच वेळ फिरवून बघितली आणि म्हणाले, "भोकांची अदलाबदल झाली नाही ना, बाई?"

"नाही सर."

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. पुन्हा कडं. सर एरवी कुणाला चहा पाजत नाहीत. त्या दिवशी पाजला.

मी प्लेटचा फोटो काढला आणि पुढच्या रविवारी आबांना दाखवायला गेले. गरज काहीच नव्हती. जाताना मला लहान मूल निकाल घेऊन घरी जातं तसं वाटत होतं. आबा अंगणात बाजेवर बसले होते. फोन त्यांच्या हातात दिला, समजावून सांगितलं, हे पांढरं सगळं जंतू, आणि हे स्वच्छ दिसतंय तिथं तुमचा डिंक.

आबांनी फोन लांब धरला, जवळ धरला. मग मोठ्यानं हाक मारली, "मंगल! ए मंगल! हिकडं ये. बघ जरा, कोन येडं हाय ते."

मंगलनं हात पुसत बघितलं. "मला पाठवा की हा, मॅडम," म्हणाली. मी तिथंच तिच्या फोनवर पाठवला.

तेव्हाच माझं लक्ष आबांच्या पायाकडं गेलं. उजव्या अंगठ्याशेजारच्या बोटाला धडपं गुंडाळलेलं होतं. काटा गेला होता, पण बरेच दिवस भरत नव्हतं, म्हणाले. शिरूरला दवाखान्यात पट्टी बदलायला जावं लागत होतं, दिवसाआड, आणि एसटीच्या त्या खेपांचा त्यांना कंटाळा आला होता. मग त्यांनी फोनकडं बोट करून विचारलं,

"मंग हे ह्येला चालंल?"

मी म्हणाले, "चालायला हवं."

हे दोन शब्द मी पुष्कळदा उलटून-पालटून बघितले आहेत. त्यात 'चालतं' असं कुठंही नाही. चौकशी बसली असती तर मी सुटले असते. पण मला प्लेट आणि पाय यांतला फरक ठाऊक होता आणि आबांना नव्हता. काचेतल्या जंतूंभोवती रक्त नसतं, साखर नसते, बधिर झालेलं मांस नसतं. जे काचेत चालतं त्यातलं बहुतेक अंगावर चालत नाही, हे मी वर्गात सांगते. "नाही आबा, दवाखाना सोडू नका" एवढं म्हटलं असतं तर त्या दिवसाचा आनंद थोडा उतरला असता. मला तो उतरवायचा नव्हता. बाकी कारण काही नाही.

पुढच्या हंगामापर्यंत आमचा साठा संपत आला. मी फोन केला, मंगलनं नवा डिंक डब्यात भरून शिरूरला येणाऱ्या दुधाच्या गाडीबरोबर पाठवला. "मामा बरे आहेत ना?" विचारलं तर म्हणाली, "बरे हायेत. पाय जरा त्रास देतोय." मी "बरं" म्हटलं.

नव्या डिंकाला कडं आलं नाही.

प्रयोगशाळेत असं झालं की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. खळ बदलली, जंतू नवे घेतले, पुन्हा लावलं. पाण्याच्या भोकात आणि डिंकाच्या भोकात काडीचा फरक नाही. मग आबांनी पहिल्यांदा आणलेला तो लहान खडा आठवला. खणात पुडी तशीच होती. त्यातला कण विरघळवून लावला. त्यालाही काही नाही. एकच झाड. आधीच्या डिंकाला कडं नाही, नंतरच्या डिंकाला नाही, आणि मधल्या, आम्ही स्वतः खरवडून आणलेल्या डिंकालाच तेवढं कडं.

मी परीक्षानळीत त्या मधल्या डिंकाचं उरलेलं पाणी घेतलं. हिरवट झाक. त्यात अमोनियाच्या द्रावणाचे थेंब सोडले आणि नळी गर्द निळी झाली. तांबं असलं की असा निळा येतो. अकरावीची मुलंही हे ओळखतात. तांबं, म्हणजे मोरचूद. आमच्याकडं लिंबाला, डाळिंबाला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून बुंध्याला लेप देतात. कासुर्डीला दर पावसाळ्याआधी वडील बादली घेऊन बागेत शिरायचे आणि त्यांची बोटं कितीतरी दिवस निळी दिसायची. जंतू मारत होता तो मोरचूद. डिंकानं फक्त तो शोषून घेतला होता.

सरांना नळी दाखवली. ते म्हणाले, "आपण काही छापलं नाही, कुठं बोललो नाही. विषय मिटला. असं होतं, बाई."

"आबांना सांगायला हवं."

"सांगा की. चांगलंच आहे."

सर गैर काही बोलले नव्हते. कागदावर आमची काही चूकच नव्हती. पण "विषय मिटला" म्हणताना त्यांना फोटो ठाऊक नव्हता आणि "चालायला हवं" ठाऊक नव्हतं. ते मी त्यांनाही सांगितलं नाही.

मी वस्तीवर गेले. अंगणात बाज रिकामी. मंगलनं मला बघून नुसतं आत बोट दाखवलं. दारातच वास आला. मी पुवातले जंतू वाढवते, तो वास मला कळतो.

आबांनी दवाखान्याच्या खेपा केव्हाच बंद केल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ डिंक लावत होते. काटा गेलेलं बोट, त्याच्या शेजारचं बोट आणि पायाचा पुढचा भाग तपकिरी, चकचकीत, व्हार्निश दिल्यासारखा दिसत होता. वरून कोरडं, स्वच्छ. माशीसुद्धा बसत नव्हती. डिंकाचं झाकण घट्ट बसलं होतं आणि पू आत कोंडला होता. कडेनं दाबलं तर बुडबुडा हलल्यासारखा हलायचा.

"दुखतं का आबा?"

"दुखत न्हाई, तीच तर खूण हाय ना बरं व्हायची?"

मंगल म्हणाली, "मी रोज भांडतीय, मॅडम. मला म्हंत्यात, फोटूत बघितलं न्हाईस का?"

मी गाडी मागवली आणि आम्ही त्यांना शिरूरला नेलं. डॉक्टरांनी पाय बघून मंगलला आणि मला बाहेर बोलावलं. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. आणखी उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि विचारलं, "हे वरून काय लावत होते?" मंगलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "डिंक." ते मान हलवून आत गेले.

वॉर्डात आबा शुद्धीवर आले तेव्हा मी जवळ होते. लोखंडी कॉटवर पाय उशीवर ठेवलेला, पांढरा गठ्ठा. पहिलं वाक्य बोलले ते असं :

"डिंक कमी पडला, बाई. दाट लावाया पायजे व्हता."

सांगायची वेळ तीच होती. मी मनाशी म्हटलं, आत्ता नको, माणूस नुकता उठलाय. झाडाला लेप त्यांनीच दिला असणार, हे आत्ता कळलं तर त्यांना काय वाटेल. हे मनावर घातलेलं पांघरूण होतं. आत्ता नको, नंतरही नको, असंच माझं चाललं होतं. "आता डिंक लावू नका" एवढं सांगून मी घरी आले. नंतर मंगलला फोन करून पायाची चौकशी करायचे, फळं पाठवायचे. सांगायचं ते सोडून सगळं केलं.

मग एक दिवस मंगलचाच फोन आला.

"मॅडम, मामा आता बाजेवर बसूनच दुकान चालवत्यात."

"कसलं दुकान?"

"डिंकाचं. फुकटात. तुमी पाठवलेला फोटू मी भावाला पाठवला व्हता, त्यानं आनखी कुणाला. आता लोक येत्यात जखमा घिऊन. मामा प्रत्येकाला सांगत्यात, माझं उशिरा लावल्यामुळं गेलं, तुमी आधीपासनं लावा, दाट लावा. परवा एका म्हातारीला टाचेला लावाया दिलाय. तिला बी शुगर हाय." मग ती म्हणाली, "तुमी त्या दिशी दवाखान्यात गप बसला. मला तवाच वाटलं, काय तरी हाय."

त्याच दुपारी मी निघाले.

आबा अंगणात बसले होते, पाय बाजेवर लांब सोडलेला, वर पांघरूण. शेजारी स्टीलची डबी, डिंक भिजवलेला. मला बघून त्यांना आनंद झाला. मी उभ्यानंच विचारलं, "आबा, आम्ही पहिल्यांदा डिंक न्यायला आलो, तेव्हा कवठीला काय लावलं होतं?"

"लेप दिलता की. लिंबाला देतो त्योच. मोरचूद-चुना." मग थोडं लाजून म्हणाले, "तुमचा फोन आला, मानसं येणार म्हनले. घरी पाव्हणं यायचं म्हटलं की आपुन भितीला चुन्याचा हात मारतो का न्हाई? म्हटलं, झाडाला बी मारावा. एरवी त्येला कोन लावतंय."

मी खाली ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. खणातल्या खड्याचं, निळ्या नळीचं, कडं डिंकाचं नव्हतं मोरचुदाचं होतं, ते. डिंकानं पू आत कोंडला, तेही. मंगल दारात उभी राहून ऐकत होती.

आबांनी कवठीकडं बघितलं.

"म्हंजी माझ्याच हातानं झालं."

"नाही. विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही."

"इचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"हो."

"आन् ह्येला चालंल का म्हनलो, तवा?"

"तेव्हा मला नाही म्हणायला हवं होतं. तुम्हाला शुगर आहे हे मला माहीत होतं."

"दवाखान्यात तरी बोलायचं."

"भीती वाटली."

"कुनाची? माझी?" आबांनी पायाकडं बघितलं. "मला लाथ मारायला धड पाय बी न्हाई, बाई." ते हसले, पण हसू पुरं झालं नाही. मग हळू आवाजात विचारलं, "मेंढराला चालायचं, ते बी खोटं म्हना."

"ते खोटं नाही. ताजा चिरा, आत घाण नाही, त्यावर डिंकाचं झाकण बसतं, माशी अंडी घालत नाही. तुमचे वडील बरोबर करत होते. मेंढरांना शुगर नसते."

ते ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तेवढंच एक मी त्यांना परत देऊ शकले. दोन बोटांपुढं ते काहीच नाही, हे मला कळतं. ते मला "जाऊ द्या" म्हणाले नाहीत, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मंगल म्हणाली, "त्या म्हातारीकडं मी जाते सांजच्याला. पर बाकीच्यांना कोन सांगणार?"

आबा काही बोलणार तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. चालवणारा एक तरुण माणूस तसाच बसून राहिला, एक पाय सायलेन्सरपासून लांब धरून. मागची बाई उतरून अंगणात आली. पलीकडच्या वस्तीवरची कमल, मंगलच्या ओळखीची. गाडीवरचा तो तिचा नवरा. त्याच्या पोटरीला सायलेन्सर लागून भाजलं होतं, महिना झाला, आता चिघळलं होतं.

"आबा, जरा डिंक द्या की," ती म्हणाली.

आबांनी डबी उचलली आणि बाजेखाली ठेवली. मग माझ्याकडं हात केला.

"ह्या बाईंनी तपासलाय. त्येंना इचार."

कमल माझ्याकडं वळली. मी सांगितलं, की या डिंकानं अशी जखम बरी होत नाही. पू आत कोंडतो.

"पर आमच्याकडं फोटू आलाय." तिनं फोन काढला, शोधला आणि माझ्यापुढं धरला. माझीच प्लेट, माझ्याच टेबलावरची. "ह्यात तर जंतू मेल्यात. कुन्या कॉलेजातल्या मॅडमनी काढलाय म्हनं."

"मीच काढलाय."

"आन् चालतंय असं सांगितलं म्हनं त्यांनी."

"तेही मीच सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं. आबांनी पायावरचं पांघरूण बाजूला केलं. कमल जवळ गेली आणि वाकून, नीट, वेळ घेऊन बघितलं. मग ती सरळ झाली.

"मंग आता कुठं न्यायचं त्यांना?"

मी सांगितलं. शिरूरच्या दवाखान्यात पट्टीची खोली कोणत्या बाजूला आहे, आधी शुगर तपासा म्हणून तिथं सांगायचं, आणि तोवर जखमेवर काहीही चोपडायचं नाही, स्वच्छ फडकं सैल बांधायचं. तिनं सगळं एकदा परत म्हणून दाखवलं. मग पदर खोचला आणि बांधाकडं चालत गेली.

नवरा गाडीवरून उतरायला लागला होता. ती लांबूनच ओरडली, "उतरू नका! शिरूरला जायचंय."

"आन् डिंक?"

"डिंक न्हाई. गाडी फिरवा."